'रन'ला मराठीत काय म्हणायचं? (नववीच्या वर्गातून)

फळा_खडू

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. गेल्या गुरुवारी वर्गात एक गोष्ट घडली, ती मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

नववीचा वर्ग. न पाहिलेल्या उताऱ्यात एक वाक्य होतं: 'हर मदर रन्स अ स्मॉल हॉटेल निअर द बस स्टँड.' एका मुलाला उठवून अर्थ विचारला. त्यानं सांगितलं, "तिची आई बस स्टँडजवळच्या छोट्या हॉटेलाकडे पळते." वर्ग हसला. तो खाली बसला आणि तास संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

मला लागलं ते पुढचं. या मुलाची स्वतःची आई स्टँडबाहेर चहाची गाडी चालवते. पहाटे साडेचारला उठून स्टोव्ह पेटवणं, उधारीची वही, दूधवाल्याचा हिशेब, सगळं त्याला पाठ आहे. वर्गात 'रन्स अ हॉटेल' या शब्दांचा अर्थ त्याच्याइतका जगलेला दुसरा कोणी नसेल. आणि नेमकं त्याच वाक्यानं त्याला खाली बसवलं.

त्याची चूक नव्हती. तिसरीत आपणच घोकून घेतलं, 'आर यू एन रन, रन म्हणजे पळणे', आणि नंतर सहा वर्षं कोणी ते दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

शिक्षकखोलीत बसून नुसत्या आठवणीनं लिहायला घेतलं तर एक पान भरलं. मुलगा पळतो तेव्हा रन. नळ वाहतो तेव्हा रन. गाडी साताऱ्यापर्यंत जाते तेव्हा रन. मशीन चालतं, साडीचा रंग जातो, सिनेमा पंचवीस आठवडे चालतो, रस्ता नदीकडेनं जातो, वर्तमानपत्र बातमी छापतं, अमेरिकेत कोणी निवडणुकीला उभं राहतं, घरात साखर संपते, जुना मित्र अचानक भेटतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत रन बसतो, एकटा किंवा 'आउट', 'इन्टू' असं काहीतरी सोबत घेऊन.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, तेव्हा सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. नव्या आवृत्तीचं काम पुढे सरकलं तसा हा मान 'रन'कडे आला. पीटर गिलिव्हर या कोशकारानं नऊ महिने या एका शब्दावर घालवले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. ही बातमी २०११ची. जन्मभर इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला जे उलगडायला नऊ महिने लागले, त्यावर माझ्या पोरानं पस्तीस मिनिटांच्या तासात ठेच खाल्ली, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

तर प्रश्न असा: हे मुलांना शिकवायचं कसं? यादी देऊन भागणार नाही, ती परीक्षेनंतर विसरतात. तुमच्या कामात, तुमच्या घरात हा शब्द कसा भेटतो ते सांगा. मला वर्गात न्यायला खरी माणसं हवी आहेत.

---

अनुवादिनी

सर, धागा मनापासून आवडला. त्या मुलाला माझा निरोप सांगा: त्याच्यासारखंच भाषांतर मी पहिल्या वर्षी छापायला पाठवलं होतं.

पंधरा वर्षं हेच काम करतेय. रन दिसला की मी स्वतःला एकच विचारते: काय रन होतंय? माणूस असेल तर पळणं किंवा धावणं. पाणी, रक्त, नाक असेल तर वाहणं. यंत्र, दुकान, संस्था, नाटक असेल तर चालणं. रस्ता, कुंपण, सीमा असेल तर जाणं. निम्म्याहून जास्त वाक्यं इथेच सुटतात. आपण शब्दाचा अर्थ शब्दात शोधतो. तो बहुतेक वेळा शेजारच्या शब्दात बसलेला असतो.

एक उदाहरण मला फार आवडतं. नवी साडी भिजवली आणि पाणी लाल झालं, की इंग्रजीत 'द कलर रन्स'. आपण म्हणतो 'रंग जातो'. आणि तोच रंग शेजारच्या पांढऱ्या शर्टावर उतरला की 'रंग लागला'. इंग्रजीची नजर रंगावर आहे, तो पाण्यात कसा पसरतो यावर. आपली नजर कापडावर आहे, एकाचा गेला आणि दुसऱ्याला लागला. बादली तीच, पाणीही तेच. मुलांना घरून एक कच्च्या रंगाचा रुमाल आणायला सांगा आणि वर्गात बादलीत बुडवा. रन त्यांच्या डोळ्यांदेखत होईल.

---

सुईदोरा

मी शिवणाचे वर्ग घेते. सर, आमच्याकडे हा शब्द मराठी होऊन बसलाय. 'रनिंग स्टिच'ला आम्ही धावदोरा म्हणतो. सुई कापडातून खाली-वर, खाली-वर अशी पळत जाते, कुठे थांबून गाठ नाही की मागे वळून टाका नाही. नवी मुलगी आली की पहिला आठवडा फक्त धावदोरा. मलमलीचा तुकडा, लाल दोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि दोन टाक्यांमधली जागाही तेवढीच. ज्यानं कोणी हा शब्द केला त्याला माझा नमस्कार, कारण बोटांना जे जाणवतं तेच शब्दात आलंय.

आणि बाजारात लेस, पडद्याचं कापड 'रनिंग मीटर'नं मोजतात. पन्हा कितीही असो, लांबीचे पैसे. हे मुलांनी दुकानात ऐकलेलं असतंच.

---

वाचनमात्र_होतो

+१. वाचनखूण साठवली. धावपट्टी, धावफलक, धावतं समालोचन हेसुद्धा त्याच घरातले.

---

भुसावळची_लेक

सुईदोरा ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते (आता लोको पायलट म्हणतात). आमच्या घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण 'रनिंग' हा शब्द आईलाही माहीत होता. बाबा 'रनिंग स्टाफ'. त्यांना पगाराबरोबर मिळायचा तो 'रनिंग अलाउन्स', किती किलोमीटर गाडी चालवली त्यावर. बाहेरगावी ड्यूटी संपली की झोपायचे ती 'रनिंग रूम'. म्हणजे रनिंग रूम ही झोपायची जागा! लहानपणी मला हे कधीच विचित्र वाटलं नाही. गाडी धावते, ती धावायला लावणारी माणसं रनिंगची, आणि त्या माणसांची खोली ती रनिंग रूम.

आणखी एक रन आमच्या घरात होता. तो सांगू की नको असं वाटत होतं, पण सरांनी खरी माणसं मागितली आहेत. कधीकधी बाबा वेळेपेक्षा फार उशिरा यायचे. दारातच डबा खाली ठेवायचे, कोणाशी न बोलता थेट न्हाणीत जायचे. आई आम्हाला खुणेनं गप्प करायची. मग हळूच सांगायची, "आज रन ओव्हर झालाय." गाडीखाली माणूस आला होता. भरधाव गाडी ब्रेक दाबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, मालगाडी तर बरंच अंतर घेते, आणि बाबांना ते सगळं समोरून दिसलेलं असायचं. त्या रात्री ते जेवायचे नाहीत. इंग्रजीच्या पुस्तकात 'रन ओव्हर'चा अर्थ मी बऱ्याच वर्षांनी वाचला. तोवर त्याचा अर्थ माझ्यासाठी न्हाणीतला पाण्याचा आवाज होता.

---

फळा_खडू

ताई, काय लिहू कळत नाही. मनापासून आभार. बाबांना नमस्कार सांगा.

---

रात्रपाळी

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या टेबलावर दिवसाला शंभर वेळा हा शब्द ऐकू येतो. "स्क्रिप्ट रन केलीस का?" "रन होतेय अजून." "रात्री रन करून ठेवलं होतं, मध्येच पडलं."

सरांचा धागा वाचल्यावर आज लक्षात आलं: आम्ही रन एकटा कधीच वापरत नाही. 'रन करणे' आणि 'रन होणे' असे दोन केलेत. इंग्रजीत 'आय रन द प्रोग्रॅम' आणि 'द प्रोग्रॅम रन्स' दोन्हीकडे तोच रन. मराठीत आल्यावर त्याला करणे-होणे जोडल्याशिवाय आमची जीभ पुढे सरकत नाही. याचं कारण कोणी जाणकार सांगेल का?

---

जुनी_पोथी

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नात या धाग्याचं निम्मं उत्तर आहे. मी भाषाशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जुन्या इंग्रजीत हे एक क्रियापद नव्हतंच, दोन होती. एक 'रिनन', म्हणजे आपण होऊन धावणं, वाहणं. दुसरं 'अर्नन', म्हणजे धावायला लावणं, विशेषतः घोडा दौडवणं. पहिल्यात कर्ता स्वतः पळतो, दुसऱ्यात तो दुसऱ्याला पळवतो. पुढे काही शतकांत शब्दांचे शेवट झिजले, उच्चार एकमेकांवर चढले आणि दोन्हींचा मिळून एक रन झाला. जर्मनमध्ये मात्र आजही 'रिनेन' म्हणजे वाहणं, पाझरणं आणि 'रेनेन' म्हणजे धावणं, अशी दोन रूपं वेगळी नांदतात.

आता मराठीकडे पाहा. पळणे-पळवणे, चालणे-चालवणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे. आपण ही जोडी मोडू दिली नाही. म्हणून 'रन्स अ हॉटेल'ला मराठीत 'चालवते' लागतं, 'चालते' चालत नाही. आणि म्हणूनच पुण्यातल्या पोरांनी रन उसना घेतल्याबरोबर त्याला करणे-होणे लावून ती हरवलेली जोडी परत उभी केली. त्यांना हे कोणी शिकवलं नाही. मायबोलीचा सांगाडा आतून काम करतो तो असा.

इंग्रजीतही अशा जोड्यांचे अवशेष आहेत. 'फॉल' म्हणजे पडणं आणि 'फेल अ ट्री' म्हणजे झाड पाडणं. 'राइज' उठणं, 'रेझ' उठवणं. 'लाय' आडवं होणं, 'ले' आडवं ठेवणं. आणि सगळ्यांत गोड जोडी: 'सिट' बसणं, 'सेट' बसवणं. सरांनी वर सांगितलेला, एके काळी कोशातली सर्वांत लांब नोंद असलेला 'सेट', तो मुळात आपला 'बसवणे'च. मग हाड बसवणं, हिऱ्याला कोंदणात बसवणं ही वाक्यं इंग्रजीत सेटनंच होतात आणि आपल्याला परकी वाटत नाहीत. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो, दात बसवतो. बसवणे या एका शब्दाचे अर्थ मोजायला कोणी बसलं तर त्यालाही बरेच महिने लागतील.

तेव्हा सर, त्या मुलाला दोन प्रश्न शिकवा. अनुवादिनी ताईंचा पहिला: काय रन होतंय? आणि माझा दुसरा: ते आपण होऊन होतंय, की कोणी करतंय? 'हर मदर रन्स अ हॉटेल' यात रन कोण होतंय? हॉटेल. आणि ते चालतं ठेवणारी कोण? आई. झालं.

---

रोखठोक

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. हे सगळं वाचायला फार छान आहे, पण नववीच्या मुलाला जुनी इंग्रजी आणि जर्मन घेऊन काय करायचं? मी शिकवणी वर्गात वीस वर्षं शिकवतोय. पाढे पाठ करतात तसे वाक्प्रयोग पाठ करावेत. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे. 'रन इन्टू' म्हणजे अचानक भेटणे. 'रन शॉर्ट ऑफ' म्हणजे कमी पडणे. रोज पाच, महिन्याला दीडशे. बे एके बे का, असं आपण कधी विचारलं होतं का? पाठ केलं म्हणून आज हिशेब येतो.

---

अनुवादिनी

रोखठोक, पाठांतराला माझा विरोध नाही, मीही केलंय. पण पाढ्यात बे एके बे आणि बे दुणे चार यांच्यात एक चाल असते, म्हणून ते जिभेवर बसतात. तुमच्या यादीत 'रन आउट'चा 'रन इन्टू'शी काही संबंधच दाखवलेला नाही, मग मुलं विसरणार नाहीत तर काय?

'वी रॅन आउट ऑफ शुगर.' वाळूचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. वरच्या काचेतली वाळू वाहत वाहत बाहेर गेली, वर काही उरलं नाही. वाहून बाहेर, म्हणून संपली. 'रन इन्टू' मध्ये माणूस आपल्या वाटेनं निघालाय आणि समोरच्याच्या अंगावरच जाऊन आदळतो. म्हणून तेच शब्द गाडी भिंतीला धडकली तरी चालतात आणि मंडईत मावशी भेटली तरी चालतात. चित्र एकदा दिसलं की पाठ करायचे कष्ट निम्मे होतात.

---

फळा_खडू

दोघांचंही पटतंय. रोखठोक सर, परीक्षा जवळ आली की मीही याद्याच देतो, खोटं कशाला सांगू. पण याद्यांवर वाढलेला मुलगा नवं वाक्य आलं की अडतो, हे मी दर वर्षी पाहतो.

एक गोष्ट आज सकाळी मैदानावर सुचली. पोरं क्रिकेट खेळत होती. एकानं सीमापार चेंडू मारला, सगळे ओरडले, "चार रन!" पळालं कोणीच नाही. फलंदाज बॅटीवर रेलून उभा होता. म्हणजे न धावताही रन मिळतो हे या मुलांना पहिलीपासून माहीत आहे आणि त्यांनी कधी त्यावर शंका घेतली नाही. पळण्यावरून रन, रनवरून गुण, आणि मग न पळताही गुण. शब्द असा एक एक पाऊल सरकतो. सोमवारच्या तासाची सुरुवात मी इथूनच करणार आहे.

---

परिचारिका_इंग्लंड

मिरजेत नर्सिंग केलं, आता सात वर्षं इकडे वॉर्डात आहे. सर, तुमच्या धाग्याचं गांभीर्य मला विचारा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एका आजींना सकाळी विचारलं, कसं वाटतंय? त्या म्हणाल्या, 'आय हॅव हॅड द रन्स ऑल नाइट, लव्ह.' माझं लेखी इंग्रजी उत्तम होतं, परीक्षेत चांगले गुण होते. तरी मला वाटलं त्या स्वप्नाबद्दल बोलतायत, रात्रभर पळत होत्या असं काहीतरी. मी हसून मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांना जुलाब होत होते. तासाभरानं माझ्या सीनिअरच्या लक्षात आलं, तोवर त्या पार गळून गेल्या होत्या. आजी बऱ्या झाल्या, मला कोणी रागावलं नाही, पण त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी एक वही केली. ती अजून आहे.

'रनिंग अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप आहे. 'रनी नोज' म्हणजे नाक वाहतंय. 'रन डाउन' म्हणजे थकून अशक्त झालेला माणूस. 'द ड्रिप इज रनिंग' म्हणजे सलाईन चालू आहे. 'वी आर रनिंग सम टेस्ट्स' म्हणजे तपासण्या करतोय. 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे आजार घराण्यात आहे. आपण म्हणतो ना, "आमच्यात सगळ्यांना शुगर आहे." एकाच पेशंटच्या एकाच कागदावर हे सहाही रन मी पाहिले आहेत.

त्या मुलाला सांगा की त्याच्या वर्गातल्या हसण्यानं कोणाचा जीव धोक्यात आला नाही. चूक करायची असेल तर वर्गासारखी जागा नाही. फक्त ती तिथे करू दिली पाहिजे.

---

पासबुक

बँकेत आयुष्य गेलं. आमच्याकडचा रन वेगळाच. पैसे बुडणार अशी आवई उठली आणि ठेवीदार एकदम पैसे काढायला आले, तर म्हणतात 'रन ऑन द बँक'. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेबाहेर मी तो पाहिलाय. पहाटेपासून बायका पदरात पासबुक गुंडाळून उभ्या होत्या, कोणी पोळीचा डबा आणलेला, कोणी नंबर धरायला दगड ठेवलेला. रन म्हणतात खरा, पण दिसते ती उभी रांग, दिवसभर जागची न हलणारी. पळत असतो तो पैसा, आणि त्याच्यामागे जीव.

---

नदीकाठ

उभं राहण्यावरून आठवलं. सरांनी अमेरिकेतल्या निवडणुकीचं लिहिलंय. अमेरिकन उमेदवार 'रन्स फॉर ऑफिस', तर ब्रिटिश उमेदवार 'स्टँड्स फॉर पार्लमेंट'. इंग्रजी एकच, पण समुद्राच्या एका बाजूला उमेदवार धावतो आणि दुसऱ्या बाजूला उभा राहतो. आपल्याकडे सरपंचापासून खासदारापर्यंत सगळे 'उभे राहतात'. म्हणजे हे नुसतं मराठी-इंग्रजीचं भांडण नाही. एकाच भाषेच्या दोन घरांतही चित्र बदलतं. मुलांना हे सांगितलं तर बरं वाटेल.

---

माळरान

राम राम. मी सोलापूरकडचा, शेती करतो. इंग्रजी बेताचंच आहे, पण मुलगी हा धागा वाचून दाखवत होती, म्हणून तिच्याकडूनच लिहून घेतोय.

तुम्ही रनला धाव म्हणताय. आमच्याकडं धाव ही जागा हाय. विहिरीवर मोट, म्हंजे पाणी वर ओढायची चामड्याची मोठी पिशवी, होती तवाची गोष्ट. विहिरीच्या काठापासनं बाहेरच्या बाजूला उतरती वाट केलेली असायची, बैलांना चालायला. तिला धाव म्हणायचं. भरलेली मोट वर घ्यायची म्हंजे बैल धावंवरनं खाली जायचे, नाडा, म्हंजे मोटंचा जाड दोर, ताणला जायचा, मोट वर यायची. सोंदूर (मोटंच्या तोंडाचा बारीक दोर) ओढला की मोटंचं तोंड थारोळ्यात, म्हंजे पाणी पडायच्या कुंडात, मोकळं. मग बैल मागं सरत सरत परत वर. दिवसभर असं. वडील नाड्यावर बसून गाणं म्हणायचे, त्यांचा आवाज पडला की बैलबी थांबायचे. धावंची माती तुडवून तुडवून फरशीसारखी गुळगुळीत झालेली, पायाला उन्हात चटका बसायचा.

आणि गाडीच्या चाकाला लोखंडी पट्टी असती, तिलाबी धावच म्हणतात. लोहार ती गोवऱ्यांत लाल करायचा, दोघं-तिघं सांडशीनं धरून चाकावर चढवायचे आणि वरनं पाणी. लाकूड असं चरचरायचं की गावाला कळायचं, आज कुणाच्यातरी गाडीला धाव बसली.

पुढं इंजिन आलं, मोट गेली. आता मोटर हाय. मोटरला आम्ही चालती म्हणतो, धावती म्हणत न्हाई. ते का, ते सर तुमीच सांगा.

---

जुनी_पोथी

माळरान, तुमच्या मुलीला आशीर्वाद, आणि तुम्हाला नमस्कार. तुम्ही जे दिलंत ते कोशात शोधायला मला अर्धा दिवस गेला असता.

इंग्रजीत रनचा नेमका हाच अर्थ आहे. कोंबड्यांना फिरायला जाळी लावून केलेली जागा 'चिकन रन'. बर्फावरून घसरत उतरायची वाट 'स्की रन'. जिथे धावतात ती जागाच धाव. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या.

मोटर धावत नाही, चालते, याचं मला जे वाटतं ते सांगतो. आपल्याला नीट, संथ, न थांबता होणाऱ्या गोष्टीसाठी चालणं हा शब्द लागतो. घड्याळ चालतं, संसार चालतो, वंश चालतो, डोकं चालतं, "चालेल" म्हणून होकारही आपण त्यातूनच दिला. धावण्यात आपल्याला घाई दिसते, दम लागणं दिसतं. देवाला संकटात हाक मारतो तो 'धावा'. इंग्रजीच्या रनमध्ये पहिल्यापासून पाण्याचं वाहणंही होतं, म्हणून त्याला दम लागत नाही. तो यंत्रालाही पुरला आणि दुकानालाही. आपण तेच काम धावणं, चालणं आणि वाहणं यांना वाटून दिलं.

---

रात्रपाळी

पोथी सर, "त्याला दम लागत नाही" हे वाक्य आज टीममध्ये सगळ्यांना वाचून दाखवणार.

---

रोखठोक

सर्वांचे आभार. यादी सोडणार नाही, पण प्रत्येक पाचांबरोबर एक चित्र काढून द्यायचं ठरवलंय. पासबुक यांनी सांगितलेली रांग पहिल्या पानावर.

---

फळा_खडू

मंडळी, सोमवार झाला. सांगतो.

सुरुवात चौकारानं केली. मग बादली, आणि अनुवादिनी ताईंचा रुमाल. गुलाबी रंग पाण्यात उतरला तेव्हा मागच्या बाकावरचेही उठून पुढे आले. फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले: काय रन होतंय? आपण होऊन, की कोणी करतंय? आणि सांगितलं, आपापल्या घरातलं एक वाक्य लिहा, पुस्तकातलं नको.

एका मुलीनं लिहिलं, 'अवर टॅप रन्स फॉर फॉर्टी मिनिट्स.' आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, तेवढंच. एकीनं लिहिलं, 'माय ग्रँडमदर रन्स अवर हाउस.' एकानं लिहिलं, 'द बस डज नॉट रन इन रेन.' त्याच्या वाडीचा पूल पावसात पाण्याखाली जातो.

त्या मुलाला मी मुद्दाम उठवलं नाही. तास संपल्यावर तोच वही घेऊन आला. 'माय मदर रन्स अ टी स्टॉल. शी डज नॉट रन. शी स्टँड्स ऑल डे.' मी दोनदा वाचलं. व्याकरणाची एक चूक नव्हती. म्हटलं, उद्या वर्गात वाचशील का? म्हणाला, "वाचतो सर. पण फळ्यावर तुम्हीच लिहा."

मंगळवारी वाचलं. कोणी हसलं नाही.

मग मी माळरान यांचं मोटेचं वर्णन वाचून दाखवलं. एक मुलगा म्हणाला, सर, आमच्या मळ्यात जुनी विहीर आहे, तिच्याजवळच्या उताराला आजोबा धावच म्हणतात, आम्हाला वाटायचं नावच आहे ते. रविवारी बारा जण सायकलींवर जाऊन आलो. विहिरीत आता बाभळी उगवल्या आहेत, मोटेचं लाकूड कधीच गेलंय. पण दगडी थारोळं जागेवर आहे, आणि त्याच्यापासून बाहेर उतरत जाणारी वाट, दोन बैल शेजारी शेजारी मावतील एवढी, गवतातूनही स्पष्ट दिसते. आजोबा काठी टेकत आले आणि धावेच्या वरच्या टोकाला उभे राहिले. मुलांनी पावलांनी मोजली. सत्तावीस पावलं भरली.

---

माळरान

सर, आमच्या धावंची पण मोजून सांगतो. उद्या सकाळी जातोच.